तांडेल सरांचा भाडेकरू

परवा माझा रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला. हल्ली आमच्या डोंबिवलीत लॅबवाले घरी येऊन रक्त नेतात आणि दुपारपर्यंत लांबलचक रिपोर्ट धाडतात. आपण न विचारलेल्या गोष्टींचीही उत्तरं त्यात असतात. साखर बरी होती, कोलेस्टेरॉल माझ्या वयाला शोभेल इतपत होतं, आणि बिलिरुबिनपुढे मात्र लाल अक्षरांत आकडा होता. मर्यादेच्या जरासाच वर. माझं बोट आपोआप फोनमधल्या ‘तांडेल सर’ या नावाकडे गेलं. ते नाव मी अजून काढलेलं नाही, आणि काढणारही नाही.

सर असते तर पलीकडून पहिला प्रश्न आला असता, “बाई, मोकळं की पाटीतलं?” तो आता कुणी विचारणार नाही, हे त्या दुपारी पुन्हा नव्याने कळलं. मी चष्मा काढून ठेवला.

ठाण्याच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवलं, तिथे तांडेल सर विज्ञान शिकवायचे. बाळकुमचे कोळी. रुंद खांदे, सावळा रंग, आणि आवाज असा की खाली त्यांचं प्रकाशाचं परावर्तन सुरू झालं की वरच्या मजल्यावर माझ्या वर्गात संतांना गप्प बसावं लागे. आमचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं. मी तणतणत खाली गेले आणि जरा हळू शिकवा म्हणाले. ते अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, “बाई, आमच्यात खाडीच्या ह्या काठावरून त्या काठाला बोलतात. घशाला हळूची सवयच नाय.” दुसऱ्या दिवशी खरोखरच हळू शिकवायचा प्रयत्न केला, तर मुलांनी तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं. मग मीच माझ्या वर्गाची दारं लावायला लागले.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एका बाजूला खडू आणि त्याच खिशात भाजलेले चणे. दोन तासांच्या मधे चार चणे तोंडात टाकायचे, त्यांना खडूची पूड लागलेली असायची, आणि ती झटकण्याचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. कुणी हटकलं तर म्हणायचे, “कॅल्शियम आहे.” पोट रिकामं ठेवायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि त्याचं कारण त्यांच्या डोळ्यांत होतं.

सरांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पुरता पांढरा नव्हता. जुन्या पुस्तकाच्या पानाला येते तशी किंचित पिवळसर झाक त्याला होती. दमले किंवा जेवायला उशीर झाला की ती वाढायची. नवीन आलेला शिक्षक आठवड्याभरात कुणाच्या तरी कानाला लागून विचारायचा, “सर घेतात का हो?” मीही विचारलं होतं. सरांना हे पाठ होतं. ते स्वतःच समोर येऊन बसायचे, बोटाने खालची पापणी ओढायचे आणि म्हणायचे, “घ्या, एकदाच नीट बघून घ्या. दारू नाय, कावीळ नाय. गिल्बर्ट नावाचा एक साहेब माझ्या लिव्हरमध्ये पागडीने राहतो. जन्मापासून आहे. जात नाय आणि त्रासही देत नाय.”

या भाडेकरूपायी त्यांचं लहानपण मात्र कडू झालं होतं. डोळे जरा पिवळे दिसले की त्यांची आई, तिला ते आये म्हणायचे, धसका घ्यायची. आयेची थोरली मुलगी काविळीने गेलेली होती. त्यामुळे “डोले बग कसं पिवलं झायलंन पोराचं” असं एकदा तिच्या तोंडून निघालं की पोराचं म्हावरं बंद. कोळ्याच्या घरात सगळे जण बोंबलाचं कालवण भुरकतायत आणि हा एकटा दूध-भात चिवडतोय. शेजारच्या गावात एक घर काविळीची माळ द्यायचं. काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेली ती माळ आधी डोक्यावर टोपीसारखी बसते, मग दिवसागणिक मोठी होत गळ्यात उतरते, मग पोटाशी येते. माळ उतरली की कावीळ उतरली, असा हिशोब. सरांच्या डोक्यावर ती किती वेळा चढली आणि उतरली ते आयेलाच ठाऊक. शेवटी तिने देवीला नवस बोलला की पोराचं पिवळं जाऊ दे, तो जन्मभर नवरात्राचे नऊ दिवस उपास करील.

सर कॉलेजात गेल्यावर नौपाड्यातल्या एका जुन्या डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, आणि सांगितलं की तुला काही झालेलं नाही. काही माणसांचं लिव्हर हे एक काम जन्मतःच जरा सावकाश करतं, आणि उपाशी राहिलं की आणखी सावकाश करतं, एवढंच. सर सांगायचे, दवाखान्यातून निघालो तो थेट बाजारात गेलो, आयेच्या पाटीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो की आज बोंबील मला. पण नवस काही सुटला नाही. पिवळं जावं म्हणून बोललेला उपास, आणि त्या उपासाने पिवळं दर वर्षी ठरल्यासारखं यायचं. सरांना यातली गंमत पुरेपूर कळत होती. मी एकदा विचारलं की मग सोडत का नाही? म्हणाले, “बाई, देवीला समजावेन मी एक वेळ. आयेला कोण समजावणार?”

पाटी हा शब्द आला, तेव्हा तीही गोष्ट सांगायला हवी. आये सकाळी बाजारात बसायची आणि मग डोक्यावर पाटी घेऊन नौपाड्यात दारोदार मासळी विकायची. सर बिलिरुबिन शिकवायचे ते त्या पाटीवरून. “होडीतून म्हावरं उतरलं की अंगणात मोकळा ढीग पडतो. घरातल्या बाया तो निवडतात, पाटीत भरतात, आणि पाट्या रस्त्याने बाजाराला जातात. आपल्या शरीरात म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून पिवळं निघतं, तो मोकळा ढीग. लिव्हर म्हणजे पाटी भरणाऱ्या बाया. आणि पित्ताची नळी म्हणजे बाजाराचा रस्ता. आता सांगा, अंगणात ढीग का साचेल?” मुलं ओरडायची, म्हावरं जास्त आलं! बाया कमी पडल्या! “बरोबर. आवक वाढली म्हणजे रक्त जास्त मोडतंय, ते का मोडतंय ते बघावं लागेल. बाया हळू असतील तर माझ्यासारखं, घाबरायचं कारण नाय. पण भरलेल्या पाट्याच जर अंगणात परत आल्या, तर?” मग वर्ग शांत व्हायचा आणि सर आवाज खाली आणायचे. “तर बाया काम करतायत, पण काहीतरी बिघडलंय. बहुतेक रस्ता अडलाय. मग बसून राहायचं नाय.”

रिपोर्टात ज्याला इनडायरेक्ट म्हणतात ते त्यांचं मोकळं, आणि डायरेक्ट म्हणजे पाटीतलं. शाळेतल्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणाच्याही रिपोर्टात लाल आकडा आला की तो कागद सरांकडे जायचा, आणि सर डॉक्टर नसल्याचं आधी सांगून मग चौकशी करायचे. उपास होता का? ताप येऊन गेला? कसल्या गोळ्या चालू आहेत? जिमवाल्याने कसली पावडर दिलीय का? लघवीचा रंग कसा आहे? अंगाला खाज येते? हे सगळं भर स्टाफरूममध्ये, डबे उघडे असताना आणि त्या आवाजात. आम्ही बायका पदराआड तोंड लपवायचो. मी एकदा चिडून म्हणाले, “सर, निदान जेवताना तरी नको.” तर म्हणाले, “बाई, तुमच्या कवितेत लघवी येत नाय म्हणून माणसाला होत नाय का?”

यावर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आमचे चित्रकलेचे सावंत सर आपला कागद घेऊन आले. आकडा फार नव्हता, माझ्या परवाच्या आकड्याच्या जरा पुढे. सावंत हसत म्हणाले, “तांडेल, मीपण तुझ्या पार्टीत आलो रे.” सरांनी कागद वाचला, आणि त्यांचं चणे चघळणं थांबलं. “हे पाटीतलं आहे,” एवढंच म्हणाले. उरलेले तास दुसऱ्यांच्या गळ्यात घातले आणि रिक्षा करून सावंतांना दवाखान्यात घेऊन गेले. पित्ताचा खडा नळीत अडकला होता. ताप चढायच्या आत निघाला. सावंत अजून आहेत, येऊरला जाऊन झाडांची चित्रं काढतात. सरांचं नाव निघालं की मात्र उठून आत जातात.

माळेवरही सरांनी एकदा धडा घेतला होता. आठवीतला एक मुलगा बरेच दिवस आला नाही, आणि आला तो डोक्यावर माळ घालून. सरांनी त्याची मुळीच टर उडवली नाही. “आईने घातलीय ना? राहू दे,” म्हणाले. पण त्याच्या आईला बोलावून रक्त तपासायला लावलं. दूषित पाण्याची कावीळ निघाली, डॉक्टरांचे उपचार आणि विश्रांती सुरू झाली. मग सर शेजारच्या गावात जाऊन तशीच एक माळ घेऊन आले आणि प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या डोक्यावर चढवली. मुलं रोज बघायला जायची. काड्या सुकत गेल्या, दोऱ्याच्या गाठी सैल होत गेल्या, आणि आठवडाभरात माळ कवटीवरून गळ्यात आणि गळ्यातून बरगड्यांवर आली. सरांनी जाहीर केलं, “अभिनंदन. सांगाड्याची कावीळ उतरली.”

शाळाभर हशा झाला. त्या हशानंतर ते जे म्हणाले ते मात्र माझ्या लक्षात राहिलं आहे. म्हणाले, “माळ देणारा माणूस वाईट नाय. पैसा घेत नाय, भल्यासाठी देतो. पण माळ सगळ्यांना एकच उत्तर देते. उतरली, उतरली, उतरली. माणसाला धीर द्यायचा तर खरं सांगून द्यावा. खोटं सांगून द्यायचा असेल तर त्याला माळ पुरते, मास्तर कशाला पाहिजे?”

हे नुसतं वर्गातलं बोलणं नव्हतं. माझ्या मुग्धाच्या लग्नात ते मी डोळ्यांनी पाहिलं. कल्याणचं स्थळ होतं. पत्रिका जुळली, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, आणि मग हल्लीच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी रक्त तपासून घ्यायचं ठरलं. मुग्धाचं बिलिरुबिन लाल अक्षरांत. मुलाच्या आईचा फोन आला, आवाज एकदम परका. लिव्हरचं काही असेल तर आधीच सांगितलेलं बरं, असं म्हणाल्या. मुग्धा खोलीचं दार लावून बसली. मला काही सुचेना, मी सरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. मी कागदावरचं वाचून दाखवलं. मोकळं. दुसरा प्रश्न, “उपास कसला केला होता पोरीने?”

चांगला नवरा मिळावा म्हणून माझ्या नणंदेने तिला सोळा सोमवार धरायला लावले होते. सोमवारी दिवसभर कडकडीत उपास, संध्याकाळी चिमूटभर चुरमा, आणि मंगळवारी सकाळी अनशापोटी रक्त दिलेलं. सर फोनवर इतके हसले की मला कानापासून फोन लांब धरावा लागला. “बाई, महादेव नवरा द्यायला आला आणि उपासाने परत पाठवला त्याला. दोन दिवस पोरीला पोटभर जेवू घाला आणि पुन्हा तपासा.” आकडा खाली आला, पण पुरता मर्यादेत आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गिल्बर्ट, काळजी नको. तरी कल्याणकरांचं मन मानेना. तेव्हा सर स्वतः आमच्याबरोबर कल्याणला आले. मुद्दाम सकाळपासून न जेवता आले होते. त्यांच्या दिवाणखान्यात बसले, पापणी ओढली आणि म्हणाले, “हा बघा, तुमच्या सुनेचा मोठा भाऊ. शाळेत एक दिवस आजारपणाची रजा नाय. विचारा ह्या बाईंना, माझ्या आवाजाचा त्रास त्यांनाच जास्त झालाय.”

सगळे हसले. तेवढ्यात मुलाच्या आजीने विचारलं, “हे पुढे मुलांना होईल का हो?” मी डोळे मिटून घेतले. ‘नाही’ एवढा एक शब्द बोलले असते तर सगळं जमलंच होतं. सर म्हणाले, “होऊ शकतं, आजी. माझ्या पोराला आहे. बाळकुमच्या मैदानावर दिवसभर क्रिकेट खेळतो, तुम्ही येऊन बघा. होईल तेव्हा होईल, पण त्याने बिघडणार काय नाय.” आजीने आत जाऊन पेढे आणायला सांगितले. परतताना मी रागावले की खरं बोलायची काय गरज होती. ते म्हणाले, “आज खोटं बोललो असतो तर उद्या तुमच्या नातवाचे डोळे बघून पोरीला घराबाहेर काढलं असतं.” मला आता दोन नातू आहेत. धाकट्याचे डोळे परीक्षेच्या दिवसांत जरासे पिवळे दिसतात, आणि त्या घरात कुणालाही त्याचं काही वाटत नाही.

सर निवृत्त झाले. त्यांचं जुनं घर जाऊन तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यातल्याच एकीत ते राहायचे. सुमन वहिनी, मुलगा, सून, आणि नव्वदी गाठलेली आये. आयेला लिफ्टचा भारी राग. म्हावरं वर चढवायला पेटी लागते हे काय घर झालं, म्हणायची. नवरात्राचा उपास तिच्या देखरेखीखाली चालू होता. दर वर्षी घट बसले की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सरांचे डोळे पिवळे व्हायचे, आणि दसऱ्याला म्हावरं पोटात गेलं की दोन दिवसांत निवळायचे. घरात त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. सून नवीन होती तेव्हा घाबरली होती, तर वहिनी तिला म्हणाल्या होत्या, “अगं, ह्यांचं नवरात्र आहे ते. तोरण लावतो ना आपण दाराला, तसं.”

त्या वर्षी दसरा झाला तरी पिवळं गेलं नाही.

कोजागरीच्या आसपास जुन्या विद्यार्थ्यांनी नौपाड्यातल्या एका सभागृहात आम्हा शिक्षकांचा सत्कार ठेवला होता. सर आले ते बारीक होऊन आले. सदरा खांद्यावरून ओघळत होता. सगळे म्हणाले, काय सर, फिट झालात. ते म्हणाले, रोज खाडीपर्यंत चालतो. डोळे तर मुंडावळ्यांतल्या शेवंतीसारखे पिवळेधमक. कुणीतरी म्हणालं, “सर, गिल्बर्टसाहेबांनी यंदा मुक्काम वाढवला वाटतं.” सर म्हणाले, “म्हातारा झाला तोपण. हलायला वेळ लागतो.” आम्ही सगळे हसलो. बोलता बोलता ते दंड खाजवत होते. वहिनी म्हणाल्या, साबण बदललाय तेव्हापासून अंगाला खाज सुटते, खोबरेल लावते मी रोज. मी खिशातले चणे मागितले तर सरांनी सगळेच माझ्या हातावर ओतले. “घ्या बाई. हल्ली चव लागत नाय.”

प्राची नावाची एक विद्यार्थिनी होती, पहिल्या बाकावरची, आता कल्याणला डॉक्टर आहे. ती सरांच्या पाया पडायला वाकली, उठली, आणि तिने त्यांचा हात सोडला नाही. सर सवयीने पापणी ओढायला गेले. “घे, तूपण बघून घे.” ती हसली नाही. तिने विचारलं, “सर, शेवटचं रक्त कधी तपासलंत?”

“माझा रिपोर्ट मी रक्त न देता सांगतो, बाळा.”

“सांगा मग. मोकळं की पाटीतलं?”

सर उत्तर द्यायला तोंड उघडून तसेच थांबले. त्यांना माहीत नव्हतं. शाळाभर ज्याला त्याला तो प्रश्न विचारत फिरलेल्या माणसाने स्वतःचं रक्त कित्येक वर्षांत तपासलेलं नव्हतं. मी बघत होते, त्यांची नजर आपल्या खाजवलेल्या दंडावर गेली, मग वहिनींकडे गेली, आणि मग ते खुर्चीत सावकाश बसले. “लघवीपण गडद होते गं,” ते म्हणाले. त्या आवाजाला आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलणं जमलं होतं. “मला वाटलं, उपासात पाणी कमी पडतं.”

चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. पाटीतलं होतं, भरपूर. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली, तिने पित्ताचा रस्ता दाबून धरला होता, आणि ती एव्हाना आजूबाजूला पसरली होती. सगळं त्यांनी मला वर्गात सांगावं तसं क्रमाने सांगितलं. मग म्हणाले, “बाई, भाडेकरूच्या नावावर दुसराच कुणीतरी घरात शिरला. आणि मी त्याला चहा पाजत बसलो.”

मी फोन ठेवल्यावर रडले. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. नवसाचा म्हणावा तर तो एका मूल गेलेल्या आईने केलेला, आणि सरांचा म्हणावा तर त्यांनी आम्हा सगळ्यांना निर्भय केलं होतं. इतक्या जणांच्या मनातली भीती काढता काढता स्वतःसाठी थोडीशी ठेवायची ते विसरले. ती थोडीशी असती तर कदाचित काही महिने आधी कळलं असतं, आणि कदाचित त्यानेही काही फरक पडला नसता. प्राचीला मी हे विचारलं तेव्हा तिने नीट उत्तर दिलं नाही. ती त्यांचीच विद्यार्थिनी, खोटंही बोलवेना तिला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळी उलटून गेल्यावर. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पित्ताच्या नळीत एक बारीक नळी बसवली होती. गाठ काढता येण्यासारखी नव्हती, पण अडलेल्या रस्त्याला तेवढी वाट करून दिली होती. मी बाळकुमला गेले तेव्हा सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. उन्हं खोलीत आलेली. अंगात बंडी, आणि बंडीवर, गळ्यातून पोटापर्यंत आलेली, काड्यांची माळ.

मला प्रयोगशाळेतला सांगाडा आठवला आणि मी पटकन दुसरीकडे बघितलं. वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, आयेला कावीळच म्हणून सांगितलंय, दुसरं काही तिला सोसणार नाही. तिनेच नातवाला पाठवून माळ आणवली. आपल्या हाताने ह्यांच्या डोक्यावर ठेवली. आम्हाला वाटलं हे ओरडतील, पण हे मान खाली करून बसले.

मी बाहेर आले तर आये सरांच्या पायाशी बसली होती, भिंतीला टेकून. तिने मला जवळ बोलावलं. “बाय, बग गो, माल कवरी खाली आयली.” मग सुरकुतलेल्या बोटांनी माळ धरून तिने सरांच्या पोटाशी मोजल्यासारखी केली, गुडघ्यांवर हात देऊन उठली, आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन डोळे निरखले. नळी बसवल्यापासून पित्त उतरत होतं. डोळे खरोखरच निवळले होते, जवळजवळ पांढरे झाले होते. बाकी सरांचं काहीच उरलं नव्हतं.

“उतरली नं रं काविल?” तिने विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कल्याणच्या दिवाणखान्यात मी डोळे मिटून घेतले होते, तसे आता मिटता आले नाहीत. मग त्यांनी बोटाने खालची पापणी ओढली, वर्गाला दाखवायचे तशी, आणि आयेला नीट दिसावं म्हणून मान उजेडाकडे वळवली.

“उतरली, आये.”